वरची कळशी

भर उन्हाळ्यात दवाखान्याच्या पायऱ्या ओल्या दिसल्या, म्हणून मी थबकले. हा दवाखाना चालवणाऱ्या सिस्टरांची विहीर आटलीय. पाण्यावाचून आता दवाखाना बंद ठेवावा लागणार, असं त्या कालच म्हणाल्या होत्या.

तेवढ्यात झऱ्यावरून बायांची आणखी एक खेप चढून आली. प्रत्येकीच्या डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी. सगळ्यांत पुढे माझी आई. वरची कळशी उतरवून तिने सरळ दवाखान्याच्या टाकीत ओतली.

“अगं पार्वती, घरी काय नेशील?” सिस्टर दारातून ओरडल्या.

“हंडा आहे की! माझ्या बाळंतपणात तुमच्या घरचा डबा मी नको नको म्हणत होते, तेव्हा तुम्ही ऐकलं होतं का?”

बाया खदखदून हसल्या.

त्याच बाळंतपणातली मी, आमच्या घरातली पहिली पदवीधर. सिस्टरांना देताना मी जन्मभर पाहिलंय, घेताना आजच पाहिलं. देणाऱ्याला घ्यायला लावायचं, तर आमच्या बायांसारखी दांडगाईच हवी.

टाकी काठोकाठ भरून वाहू लागली. “पुरे गं!” सिस्टर ओरडत राहिल्या, कळशा रित्या होत राहिल्या. शेवटी डोळे पुसत त्यांनी दवाखान्याचं दार सताड उघडलं.

“चला, पहिला पेशंट कोण?”

“मीच,” आई म्हणाली. “मान अवघडलीय!”