शेंदराखालचा हात

माझं आणि सासऱ्यांचं पटत नाही, हे लग्नानंतर महिन्याभरातच दोघांच्या लक्षात आलं. मी सोलापुरात इतिहास-भूगोल शिकवते आणि ते माझ्या भूगोलाला हसतात. "तुज्या नकाशात आमचं गाव दाव की," म्हणतात. नकाशात तिथे निळा रंग आहे. जिल्ह्याच्या उत्तर अंगाला, भीमेवर धरणाचं पाणी तुंबलं आणि त्यांचं गाव बुडालं. तेव्हापासून ते जेऊरजवळच्या नव्या गावठाणात राहतात आणि सगळ्या जगावर खार खाऊन असतात.

आमच्या शाळेने जिल्ह्याची माहिती देणारी पुस्तिका काढायचं ठरवलं. पंढरपूर आणि मंगळवेढ्यावर लिहायला शिक्षकांची झुंबड उडाली. उत्तरेचा नदीकाठ कुणालाच नको होता, म्हणून तो माझ्या गळ्यात मारला.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते जुनं गाव उघडं पडतं आणि वेशीबाहेरचा सासरच्यांचा देवही. त्याला 'बाप्या' म्हणतात. घराण्यातला कोणी लढाईत पडलेला पूर्वज, असं सांगतात. कमरेएवढा उभा दगड, त्यावर पिढ्यान् पिढ्यांचा शेंदूर. तो लावायचा घरातल्या पुरुषांनीच. बाईने दहा पावलं लांब थांबायचं. सासूबाईंनी चाळीस वर्षं नैवेद्य रांधला, पण देव लांबूनच पाहिला. मला या रिवाजाची पहिल्यापासून चीड होती.

मे महिन्यात मी सासऱ्यांबरोबर तिथे गेले. भेगाळलेला गाळ, शिंपल्यांचा खच, पडक्या भिंतींचे पाये. "फोटू लांबनं काढ. शिवायचं न्हाय," एवढं बजावून ते आपल्या घराचा उंबरा शोधायला गेले.

मी सरळ दगडापाशी गेले. पाण्यात राहून शेंदराच्या थराला तडा गेला होता. फोटो नीट यावा म्हणून मी तड्यात बोट घातलं, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे खोडी काढायची होती. हातभर लांबीची खपली निघून गाळात पडली.

आत तलवार नव्हती, घोडा नव्हता. कोपरात वाकवून वर धरलेला एक हात होता, बांगड्या भरलेला. वर चंद्र-सूर्य. असे दगड मी वर्गात चित्रांतून दाखवलेत. तो सतीचा दगड होता. माझ्या अंगाची आग आग झाली. आधी तिला जाळली, मग शेंदूर फासून तिचा पुरुष केला आणि मग बायकांनाच तिच्यापासून लांब ठेवलं.

सासरे परत आले. बराच वेळ बघत राहिले.

"मामा, हा हात कुणाचा?" मी विचारलं.

"बाप्याचा."

"बांगड्या घातलेला?"

पिशवीतून तेल-शेंदूर काढून त्यांनी कालवला आणि सगळ्यात आधी बांगड्यांवर फासला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "फोटू छापलास तर माज्या दारात पाय ठिवायचा न्हाय."

नवरा म्हणाला, कशाला उगाच, पुसून टाक. मी छापला. खाली लिहिलं, 'सतीशिळा, भीमेचा काठ'. पुस्तिकेची एक प्रत मुद्दाम सासऱ्यांना पाठवली, तेवढी खुनशी मी आहेच.

ते शब्दाचे पक्के. दिवाळीला नवरा आणि मुलं गेली, मी सोलापुरात एकटी करंज्या खात बसले. दुपारी फोन वाजला. सासूबाई होत्या. त्या कधी आपणहून फोन करत नाहीत. परसातून बोलत असाव्यात, आवाज दबका होता.

"पुस्तक त्येंनी पेटीत घातलंय कुलपात. मला बगू दिलं न्हाय. बाईचा हात हाय म्हणं?"

"हो, आत्या."

"बांगड्या किती हायत?"

मी फोटो मोठा करून मोजल्या. "सात."

"मंजी चाळीस वर्सं माजा निवद तीच खात हुती," त्या म्हणाल्या, आणि मग विचारलं, "औंदा पाणी कवा उतरंल गं?"