खडकांच्या खुणा

तो अधिकारी आमच्या घरी आला तेव्हा साध्या कपड्यांत होता. बूट बाहेर काढून आत आला, आईने दिलेलं कोकम सरबत संपवून आणखी अर्धा पेला मागून घेतला. आईला तेवढंच पुरलं. तो गेल्यावर ती म्हणाली, फौजेतली माणसं किती सभ्य असतात. त्या सभ्यपणाची शिसारी मला यायला अजून वेळ होता. त्या दिवशी मीही दाराआड उभी राहून त्याच्या इस्त्रीच्या कॉलरकडे कौतुकानेच पाहत होते.

त्याला माझं इंग्रजी हवं होतं. रत्नागिरीत तेव्हा इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या मुली थोड्याच होत्या, आणि बाबांनी संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर फिरायला येणाऱ्या पेन्शनरांत माझी भरपूर जाहिरात करून ठेवली होती. एक मराठी वही तीन दिवसांत इंग्रजीत करायची होती. अहवाल दिल्लीला जायचा होता, आणि मुंबईच्या भाषांतरकाराने महिना लावला असता.

"ताई करतील ना?" त्याने बाबांना विचारलं.

"करेल की," बाबा म्हणाले.

मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी मान हलवण्यापलीकडे काही केलं नसतं.

वहीच्या पहिल्याच पानावर नाव होतं, आणि ते माझ्या ओळखीचं होतं. आमच्या मागच्या दारी रोज मासळी घेऊन येणाऱ्या मावशींचा तो मुलगा. मॅट्रिकपर्यंत शिकला, मग स्वतःच्या होडीवर जाऊ लागला. मोठे ट्रॉलर किनाऱ्याला खेटून मासे ओढून न्यायचे आणि छोट्या होड्यांची जाळी फाडायचे. त्यांच्याविरुद्ध त्याने बंदरातली माणसं जमवली होती. ती सगळी कलेक्टर कचेरीसमोर तीन दिवस बसली होती. आठवड्यापूर्वी एका जीपने त्याला बंदरावरून उचललं. पोलीस चौकीवर सांगितलं, आमच्याकडे नाही. तो फौजेच्या कॅम्पात आहे, हे मावशींना कुणीतरी कानात सांगितलं. वर्तमानपत्रात त्याला अतिरेकी म्हटलं होतं. तोवर हा शब्द आमच्या घरात फक्त पंजाबच्या बातम्यांबरोबर यायचा.

वहीत पानापानांवर असं काही होतं: देवळाचा कळस लाल कड्याच्या टोकावर, दीपस्तंभ बुरुजाच्या उजव्या हाताला एक मूठ, बारा वाव खोल पाणी. पुढचं पान तसंच, फक्त कळसाऐवजी दोन माड. शब्द सगळे कळत होते आणि अर्थ काहीच लागत नव्हता. मी जन्मापासून समुद्राच्या काठी राहत होते आणि समुद्राबद्दल मला एवढंच माहीत होतं, की त्यातून मासळी येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी बांगडे कापत बसल्या होत्या, तेव्हा मी त्यांच्याशेजारी बसून दोन ओळी वाचून दाखवल्या. त्यांनी कोयता खाली ठेवला, हात लांब केला, मूठ वळली आणि एक डोळा मिटला. वास्तविक समोर आमचा गोठा होता, पण त्या समुद्रच बघत होत्या.

"ही मूठ. दीपस्तंभ बुरुजापासून एवढा बाजूला दिसला नि कळस कड्यावर आला, की समजायचा खाली खडक हाय. जाळा टाकलास तर फाटला. माझ्या सासऱ्यान त्याला शिकवलान, त्यान लिवून ठेवलान." मग कोयता उचलता उचलता त्यांनी विचारलं, "तू इंग्रजीत लिवून दिलास म्हंजे सुटंल ना गो तो?"

मी हो म्हणाले.

मी भाषांतर केलं आणि त्याच्या आधी एक पूर्ण पान स्वतःचं लिहिलं. या खडकांच्या खुणा आहेत. मच्छीमारांकडे नकाशा नसतो, ते जमिनीवरच्या दोन-दोन वस्तू एका रेषेत आणून पाण्यातली जागा शोधतात. छोट्या होड्या तीन पिढ्यांपासून इथेच मासे धरतात, हे कलेक्टरांना दाखवता यावं म्हणून या माणसाने त्या लिहून काढल्या आहेत. इतकं चांगलं इंग्रजी मी त्याआधी लिहिलं नव्हतं.

अधिकाऱ्याने ते पान उभ्या उभ्या वाचलं. टाचणी काढून ते वेगळं केलं.

"ताई, भाषा फार सुंदर आहे तुमची. पण आपल्याला वहीत आहे तेवढंच हवं. अर्थ लावणं आमचं काम."

त्याने पानाची चौपदरी घडी करून खिशात घातली. बाबा हसून म्हणाले, लहान आहे अजून. मग तो जिथे बोट ठेवत गेला तिथे मी सही करत गेले, प्रत्येक पानावर, सुवाच्य.

आठ दिवसांनी मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रात माझं वाक्य छापून आलं. कळस, कडा, बुरुज, एक मूठ, बारा वाव. स्वल्पविरामसुद्धा माझेच होते. खाली लिहिलं होतं, की शस्त्रं उतरवण्यासाठी केलेला हा किनाऱ्याचा गुप्त नकाशा आहे. बाबांनी ती बातमी कात्रीने नीट कापली आणि शेजारच्या काकांना दाखवली. "भाषांतर आमच्या मुलीचं बरं का." आईने मावशींना आतूनच, आज नको, असं सांगायला सुरुवात केली, आणि मासळी दुसऱ्या बाईकडून घेऊ लागली. दुपारी आम्ही सगळे जेवायला बसायचो. काटा चोखण्याचा आवाज, ताक ओरपण्याचा आवाज. मला तिथे बसवत नसे, आणि तरी मी बसून जेवत असे.

मावशी एकदा वाटेत भेटल्या. काय म्हणाला गो तुझा सायब, एवढंच त्यांनी विचारलं. मी त्यांची नजर चुकवून पुढे गेले. दुसऱ्या दिवशी मी, त्यांनी मुलासाठी केलेल्या वकिलांकडे गेले. ते वयस्क होते, कमी बोलायचे. मी खुलासा लिहून दिला होता आणि तो अधिकाऱ्याने काढून टाकला, असं प्रतिज्ञापत्र करून द्या, म्हणाले. घरी हे सांगितल्यावर बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नंतर बोलले ते एवढंच, की नोकरीचं सोड, लग्नसुद्धा होणार नाही.

मला सही करायला अकरा दिवस लागले. या अकरा दिवसांत मी काय केलं ते मला आठवत नाही. बहुधा काहीच नाही.

त्या सहीनंतर कोर्टाने त्याला हजर करायला सांगितलं आणि डॉक्टरी तपासणी झाली. डॉक्टरांचा कागद इंग्रजीत होता. वकील म्हणाले, आईला तुम्हीच समजावून सांगा. कचेरीच्या पायरीवर बसून मी सांगितलं. तळपाय. उजव्या हाताची तीन बोटं, नखांसकट. पाठीवर चटके. कोणती जखम साधारण किती दिवसांची, तेही त्यात होतं. मी मनात मोजलं. तळपाय माझ्या अकरा दिवसांतले होते. ते मी त्यांना सांगितलं नाही. मावशींनी फक्त विचारलं, वल्हं धरता येईल का. त्याबद्दल कागदात काही नव्हतं.

त्याला जामीन मिळाला. कॅम्पातल्या कोणावरही कारवाई झाली नाही. तो अधिकारी मला कोर्टाच्या व्हरांड्यात भेटला, तेव्हा त्याने हात जोडून नमस्कार केला आणि आईची चौकशी केली.

वही मुद्देमाल म्हणून अडकून पडली होती, आणि ट्रॉलरविरुद्धच्या अर्जाला खुणा जोडायच्या होत्या. वकिलांनी मावशींच्या मुलाला कचेरीत बोलावलं. तो भिंत धरून आला, खुर्ची नको म्हणाला, जमिनीवर पाय पसरून बसला. पेन त्याच्या हातात राहत नव्हतं म्हणून, तुम्ही सांगा, या लिहितील, असं वकील म्हणाले. त्याने माझ्याकडे पाहिलं. दोन खुणा सांगितल्या, अगदी सावकाश, शाळेत शुद्धलेखन घालतात तशा. मग थांबला.

"बाकीच्या?" वकिलांनी विचारलं.

"बाकीच्या नाय लिवायच्या." तो त्यांच्याशी बोलत होता, माझ्याशी नाही. "माझ्या पोराला होडीतनं दाखवीन."

वकिलांनी त्याला पुष्कळ समजावलं. मी पेनला टोपण लावलं. मला बोलायचा हक्क होता असं मला वाटत नाही, आजही नाही.

अर्ज दोनच खुणांवर गेला. सुनावणीला ट्रॉलरवाल्यांच्या वकिलाने विचारलं म्हणे, तीन पिढ्या मासे धरता आणि खडक दोनच कसे? तो उभा राहिला आणि म्हणाला, आठवत नाहीत. अर्ज फेटाळला गेला.