रूपरावांचा नवा ॲम्प्लिफायर

नाचणगावच्या रूपराव फिटरच्या घरी पंखा नव्हता, पण ॲम्प्लिफायर होता. पुलगावच्या लष्करी डेपोतले एक कॅप्टनसाहेब बदलून गेले तेव्हा आपला सगळा विलायती संच त्यांनी रूपरावांना देऊन टाकला. टर्नटेबल, व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आणि कमरेएवढे उंच दोन स्पीकर. साहेबांच्या मोटारसायकलचा बिघाड रूपरावांनी नुसत्या आवाजावरून सांगितला होता, तिथून ती ओळख. गावाने चेष्टा करायची ती केलीच. बाहेर कुडाची भिंत आणि आत साहेबाचा बाजा! रूपराव हसायचे आणि मलमलच्या फडक्याने तबकडी पुसायचे. त्या घरात धूळ बसलीच तर माणसांवर बसायची.

मी पुलगावला स्टेशनजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचो. असा संच आमच्या भागात दुसरा नव्हता आणि त्याला हात लावायचा मान माझा होता. मला त्याचा भारी गर्व होता. आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात त्या गर्वाचाही वाटा आहे.

रूपराव पुलगावातल्याच जिनात फिटर होते. कापसातून सरकी वेगळी करणारी चोवीस यंत्रं एका लांबलचक शेडमध्ये. दिवाळीनंतर ती सुरू झाली की तिथे माणसाला स्वतःचं ओरडणंही ऐकू येत नाही. म्हणून जिनातली माणसं हातांनी आणि ओठांनी बोलतात. पाणी हवं, पट्टा घसरला, सासू आली आहे, सगळं खुणांनी. त्या गदारोळात ऐकणारा माणूस एकच, रूपराव. लाकडी दांडीचं एक टोक ते बेअरिंगला टेकवायचे, दुसरं कानाला, आणि डोळे मिटायचे. कोरडं पडलेलं बेअरिंग आधी बारीक किरकिरतं, मग तापतं, आणि भोवती रुई उडत असताना आग लागायला तेवढं पुरतं. ते तापण्याआधीच रूपराव ती किरकिर पकडायचे. त्यांनी मान हलवली की यंत्र ठीक. वीस वर्षांत त्या शेडमध्ये आग लागली नव्हती.

अठ्ठ्याहत्तर सालच्या दसऱ्याला ते दुकानात आले. चेहरा उतरलेला.

"मधुकर, माहे घुंगरं गेले ना बॉ."

त्यांच्याकडे नाचाची एक तबकडी होती. तबला, सारंगी आणि घुंगरं. "तबला येते, सारंगी येते, पन घुंगरं नाई येऊन राह्यले," ते म्हणाले. मी सुई बदलली. पुढच्या खेपेला व्हॉल्व्ह बदलले. रूपरावांचं आपलं तेच, घुंगरं येत नाहीत. मग त्यांनी मुंबईहून एक कॅटलॉग मागवला. नव्या ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरचा, सोबत नवे स्पीकर, बारीक आवाजासाठी आत वेगळा छोटा स्पीकर बसवलेले. "जुनाच ठेवू का नवा बोलावू? तू सांगशीन तसं करतो," ते म्हणाले.

कोजागिरीनंतरच्या रविवारी मी त्यांच्या घरी बसून तबकडी नीट ऐकली. ताटात ज्वारी पडावी तशी घुंगरं वाजत होती. स्वच्छ, एकेक वेगळं. मी चकित होऊन रूपरावांकडे पाहिलं. त्यांनी हात उडवला. "पाह्य. हायेत का कुठं?"

मला वाटलं, गंमत करताहेत. तबकडी उतरवून मी वायर तपासायच्या निमित्ताने त्यांच्या पाठीमागे गेलो आणि साध्या आवाजात म्हणालो, "रूपरावभाऊ." ते हलले नाहीत. पुन्हा म्हणालो. ते कॅटलॉगचं पान उलटत राहिले.

मनकर्णावहिनी चहा घेऊन आल्या. त्या वळसा घालून नवऱ्याच्या पुढ्यात गेल्या आणि बोटांनी कपाची खूण केली. लग्नाआधी त्याही जिनातच होत्या. मी हळूच विचारलं, "वहिनी, भाऊले ऐकू येते ना बरोबर?"

"जिनातले सारे असेच असतेत," त्या हसून म्हणाल्या. "तोंडापुढं येऊनच बोला लागते."

त्या घरात वीस वर्षं सगळे असेच बोलत होते. म्हणून कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, खुद्द रूपरावांच्याही. एका तबकडीने तेवढी चुगली केली होती.

"सांग मंग," रूपराव माझ्या तोंडाकडे पाहत म्हणाले. "घेऊ का नोको घेऊ?"

संच ठणठणीत आहे, भाऊ, कान गेले आहेत. एवढं वाक्य होतं. कानावर जगणाऱ्या माणसाला ते कसं सांगायचं, म्हणून मी गप्प राहिलो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. मुंबईचं ते खोकं मला माझ्या हातांनी उघडायचं होतं.

"घ्या," मी म्हणालो. "जुन्यात आता दम राह्यला नाई."

खोक्याला तीन-चार महिने लागणार होते. मधल्या काळात दिवाळी झाली, कापसाच्या गाड्या रस्त्याला लागल्या आणि जिनाचा भोंगा वाजू लागला. सकाळी तो वाजला की मला रूपरावांची ती दांडी आठवायची. एकदा धीर करून सायकलने नाचणगावला गेलो. रूपरावांनी नव्या ॲम्प्लिफायरसाठी स्वतः रंधा मारून केलेली फळी मला कौतुकाने दाखवली. मी चहा पिऊन परत आलो.

माघात सात नंबरच्या यंत्रावर तानाबाई होती. चांगल्या हाताची, जुनी कामकरीण. चार दिवस ती मुठीवर मूठ घासून दाखवत होती, हे किरकिरतं आहे म्हणून. रूपराव दोनदा आले. दांडी टेकवली, डोळे मिटले, मान हलवली. रूपरावांनी मान हलवल्यावर कोण पुन्हा विचारणार? पाचव्या दिवशी दुपारी मला दुकानातून धूर दिसला. कुठला, ते मला कोणी सांगावं लागलं नाही.

तानाबाई वाचली. हात कोपरापर्यंत भाजले, बोटं आखडली ती आखडलीच. कापसात गोटा आला असेल, ठिणगी उडाली असेल, असं सगळ्यांनी ठरवलं. रूपरावही तेच सांगत फिरले. "बेअरिंग म्या सोता ऐकलं होतं."

पंधरा दिवसांनी खोकं आलं. मी ते माझ्याच हातांनी उघडलं. नव्या फळीवर संच मांडला आणि रूपरावांनी तीच तबकडी लावली. घुंगरं खोलीभर वाजू लागली. दारातल्या मनकर्णावहिनी मान डोलावू लागल्या. रूपराव स्पीकरशी वाकून बसले होते. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली आणि आधी बायकोकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

"तुले येते?"

ते माझ्या ओठांकडे पाहत होते. "येते," मी म्हणालो.

"जुन्यातबी येत होते?"

मी होकाराची मान हलवली.

त्यांनी सुई उचलली. तबकडी तशीच फिरत राहिली.

"मंग तानाबाई खरं सांगत होती," रूपराव म्हणाले. "सात नंबर रडून राह्यलं होतं."

"भाऊ, माहं चुकलं," मी म्हणेपर्यंत त्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. मी पुन्हा म्हणालो, मोठ्याने म्हणालो. पण आता मी काहीही बोललो असतो तरी त्यांना ऐकू येणार नव्हतं.