मुशीच्या तेलात मुरलेले पाईप

मालवणहून रेडीला कसं जायचं असं कुणी विचारलं, की मी एकच सांगतो, एसटीने जा. रस्ता आता झकास आहे. कसाल, कुडाळ, सावंतवाडी, शिरोडा. वाटेत थांबा, सोलकढी प्या, यशवंतगडावर चढा. एकोणीसशे साठच्या आसपास मी हाच प्रवास जीपने केला, आणि त्याची आठवण निघाली की तोंड कडू होतं.

सकाळीच तार आली, सासरे अत्यवस्थ. सुशीला, माझी बायको, नेसत्या लुगड्यानिशी निघाली. थोरला भाऊ, दादा, म्हणाला, "एसटीची वाट कित्याक बघतास? माझी जीप आसा."

दादाच्या मासेमारीच्या दोन होड्या होत्या. जीप लढाईनंतर लिलावात निघालेली, इंजिनातलं रबर तेव्हाचंच. रेडिएटरचे पाईप बदल म्हणून सगळ्यांनी सांगून झालं होतं. मुंबईहून आणलेला नवा जोड जीपमध्येच पडून होता, पण जुने चालतायत तोवर नवे कशाला! दर रविवारी दादा होडीला मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल चोपडायचा आणि उरलेलं या पाईपांना. "होडीची फळी ह्या तेलार वरसांनवरसां टिकता," तो म्हणायचा, "रबर कित्याक टिकाचा नाय?"

कुडाळला गरम भजी मिळतात, जरूर खा. आम्ही थांबलो नाही. आकेरीच्या चढावर पाईप फुटला आणि उकळतं पाणी भसाभसा बाहेर आलं.

तेवढ्यात मागून सावंतवाडीची एसटी आली. कंडक्टरने डोकं बाहेर काढलं. "येतास काय?"

सुशीला उठलीच होती. दादाने हात केला, "जावा तुमी! नवे पाईप आसत, आता लायतंय."

मोठ्या दिरापुढे बोलायची रीत नव्हती. ती परत बसली. गाडी धूळ उडवत गेली.

मग दादाने सीटखालचा डबा उघडला. नवे पाईप कोरडे पडू नयेत म्हणून त्याने ते मुशीच्या तेलात बुडवून ठेवले होते. बाहेर काढले तर फुगून मऊ झालेले, नळीवर चढवले की बोटांखाली दबत होते. आवळायला गेला तर तारेने चिरले. मला दादाचा संताप आला.

धोतराच्या चिंध्या बांधून, विहिरीचं पाणी ओतून आम्ही थांबत थांबत सावंतवाडी गाठली. दादा जीपपाशी थांबला आणि तिथून खनिजाच्या ट्रकवाल्याने सुशीलेला आणि मला रेडीपर्यंत घेतलं. रस्ताभर सुशीला एकच विचारत होती, "पोचतलंव मां?"

सासरे सकाळीच गेले होते; लेकीसाठी घरच्यांनी अंत्ययात्रा दिवसभर थांबवून धरली होती. पण दिवस मावळायच्या आत उरकायलाच हवं. आम्ही पोचलो तेव्हा माणसं स्मशानातून परतत होती.

बाराव्यानंतर एसटीने घरी आलो. दादा अंगणात वाट बघत उभा होता.

"मी बरेपणानच तेल लायलंय गो, सुशीला," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

तिने पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे बघितलं. "बरेपणानच लावलात, भावजी. पण माका माझो बापूस गावलो नाय."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी मध्ये पडावं अशी त्याची अपेक्षा होती. मी पिशव्या उचलल्या आणि तिच्या मागोमाग घरात गेलो.