मधला पाव

फ्रिजच्या दारात ओरेगॅनोच्या पुड्या सापडल्या, पिझ्झाबरोबर आलेल्या. सई जमवायची. आमची ही मुलगी तापाने गेली, त्याला आता आठ महिने झाले.

पुड्या वाया जायला नकोत, म्हणून आज पाव केला. पिठाच्या नऊ लहान गोळ्यांत चीज भरलं, वर लसणाचं लोणी लावलं आणि सगळ्या पुड्या रिकाम्या केल्या. ओव्हनमध्ये गोळे फुगून एकमेकांना चिकटतात. कडेचे बाहेरून कडक होतात. मधल्याला मात्र चारी बाजूंनी शेजारीच, म्हणून तो सगळ्यांत मऊ.

"मधला माझा!" म्हणत सई आधी तोच उपटायची. सगळी लादी फाटायची. "कडेने घे की गं," मी ओरडायचे.

आज आम्ही दोघंच बसलो. चीजच्या तारा तुटत होत्या. सवयीने दोघांनीही कडेकडेचे घेतले. शेवटी ताटात मधला तेवढा उरला, चारी अंगांनी सोलवटलेला.

ह्यांनी विचारलं, "झाकून ठेवू?"

मी हो म्हटलं.