हिच्या पायांसाठी नाचाचे जोडे

वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी बायकोसाठी नाचाचे जोडे घेतले, ही हकीकत शहापूरपासून मुरबाडपर्यंत निरनिराळ्या तऱ्हांनी सांगितली जाते, आणि त्या सर्व तऱ्हा चुकीच्या आहेत. मुरबाडचा माझा मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगतो की भावजींच्या चिक्कूपणापायी ताईचे बोट जायची वेळ आली होती. खरेदीच्या वेळी तो दुकानात हजर होता, म्हणून लोक त्याचे खरे मानतात. हजर असणे वेगळे आणि पाहणे वेगळे, हे मी पाटबंधारे खात्यात जन्मभर नकाशे काढताना शिकलो आहे. तेव्हा घडले ते मीच लिहून ठेवतो.

आटगावच्या पुढे मुंबईकरांनी बंगल्यांची एक वसाहत उभी केली आहे. तिथल्या सभागृहात एक निवृत्त शिक्षिका दर रविवारी दुपारी जोडीने करायचा विलायती नाच शिकवतात. आम्ही त्या वसाहतीत एका बारशाला गेलो होतो. भातकापणी उरकली होती. मोकळ्या शेतांवर पेंढ्याच्या रंगाचे ऊन पडले होते आणि दूरवर माहुलीचे सुळके पाण्यात बुडवून काढल्यासारखे निळे दिसत होते. परत निघताना ही सभागृहाच्या खिडकीशी थांबली. आत पाचसहा जोडपी गोल फिरत होती. एक ठोका जड, दोन हलके, पुन्हा एक जड. कुणाला कुठे पोहोचायचे होते असे वाटत नव्हते. बराच वेळ मी आत पाहत राहिलो आणि मग खाली पाहिले, तर हिची पावले चपलांतल्या चपलांत तो ठोका मोजत होती.

इथे हिच्या पावलांविषयी सांगितले पाहिजे. हिला जुना मधुमेह आहे, आणि गेल्या काही वर्षांत पावलांची संवेदना गेली आहे. ती म्हणते, सावरीचा कापूस अंथरून त्यावर कुणीतरी आपल्याला उभे केले आहे असे वाटते. जमीन कुठे सुरू होते ते कळत नाही. डॉक्टरांनी बजावले होते की अनवाणी एक पाऊलही टाकायचे नाही, कारण न कळलेली बारीकशी जखमही बोट घेऊन जाते. मुरबाडकडच्या ज्या गावात ही वाढली, तिथे गौरीच्या रात्री बायका फेर धरतात. लग्नानंतरही ही दरवर्षी माहेरी जाऊन त्या फेरात नाचली. तो नाच अनवाणीच असतो. देवीपुढे वहाणा घालून कोण नाचेल? डॉक्टरांच्या त्या सूचनेनंतर दोन वर्षे ही फेराच्या कडेला खुर्चीवर बसून राहिली होती.

खिडकीशी उभी असलेली ही माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "अहो, यांच्यात तर जोडे घालूनच नाचतात."

माझा मेहुणा म्हणतो की म्हातारपणी मला शहरी चाळे सुचले. त्याने ते वाक्य ऐकलेले नाही.

शिक्षिकाबाईंनी माझ्या सर्व प्रश्नांना शांतपणे उत्तरे दिली. नवशिक्याने महागाचे जोडे घेऊ नयेत, असे त्यांचे स्पष्ट मत होते. टाच बुटकी आणि रुंद हवी, पाऊल बांधून ठेवणारा पट्टा हवा, आणि तळाला रबर नको. रबर फरशीला धरून ठेवते, पाऊल वळत नाही आणि गुडघा मात्र पिळवटतो. तळाला लव असलेले मऊ चामडे लावले की पाऊल घसरतही नाही आणि अडतही नाही. मोबाइलवर असे तयार जोडे पाहिले. किंमत वाचून ही इतकी हसली की मलाही हसावे लागले. साधे जोडे घ्यायचे आणि तळाला चामडे शहापूरच्या एस.टी. स्थानकाजवळ बसणाऱ्या कारागिराकडून लावून घ्यायचे, असे मी ठरवले. यात चिक्कूपणा कुठे आला? हा विचार होता, आणि तो बरोबरच होता.

चूक वेगळ्या ठिकाणी झाली, आणि ती माझ्या मेहुण्याला आजही ठाऊक नाही. संवेदना नसलेल्या पावलाला विचारून जोडा घेता येत नाही, हे मी जाणत होतो. म्हणून एका सकाळी ही पलंगावर पाय लांब करून बसली असता मी दोन्ही तळव्यांना कागद लावून टोकदार पेन्सिलीने रेघ काढली. लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये लिहिली. माझ्या रेघेवर कालवे खोदले गेले आहेत. त्या रेघेविषयी मला शंका आली नाही.

मुरबाडच्या दुकानात मेहुणा आधीच येऊन बसला होता. शाळेतल्या मुलींचे असतात तसे काळे, पट्ट्याचे, बुटक्या टाचेचे जोडे दुकानदाराने काढले. मी ते कागदावर ठेवून पाहिले. रेघ तंतोतंत जुळली. दुकानदाराने हिला विचारले, "मावशी, लागतंय का कुठं?"

"नाय ओ, मस्त हायेत," ही म्हणाली.

"ताय, नीट चालून बघ गो," मेहुणा म्हणाला.

"चालले की! काय नाय लागत."

आणि आम्ही तिघे पुरुष, त्यांतला एक सर्व जाणणारा, त्या उत्तराने निश्चिंत झालो.

पहिला रविवार मला स्वप्नातल्यासारखा आठवतो. माझा हात हिच्या पाठीवर होता, हिचा माझ्या खांद्यावर. पन्नास वर्षांच्या संसारात आम्ही चारचौघांत इतके जवळ कधी उभे राहिलो नव्हतो. फरशीवर खिडक्यांचे उजेड पडले होते आणि आम्ही एका उजेडातून दुसऱ्यात जात होतो. हिला जमीन लागत नव्हती आणि त्या तासापुरती मलाही लागली नाही.

घरी येऊन हिचे मोजे काढले, तर उजव्या करंगळीशी पांढरा मोजा लाल होऊन चिकटला होता. ही माझ्या तोंडाकडे पाहत विचारत होती, "काय झालं? असं काय बघता?"

जखम भरायला दीड महिना लागला. बोट वाचले; आणखी दोन दिवस दुर्लक्ष झाले असते तर वाचले नसते, असे डॉक्टर म्हणाले. त्या दीड महिन्यात मेहुणा चार वेळा येऊन "स्वस्तातला माल, भावजी, स्वस्तातला माल" असे म्हणून गेला. जोडे मी पिशवीत घालून माळ्यावर टाकले आणि नाच हा विषय घरात बंद झाल्याचे जाहीर केले.

तो हिने उघडला. पट्टी सुटली त्या दिवशी ही म्हणाली, "नवे जोडे कधी बघायचे?"

"कधीच नाही. तुला लागलेले कळत नाही, आणि मला दुसऱ्यांदा ते पाहायचे नाही."

"बैलाला काय इचारतात काय, जू लागतंय का म्हणून?"

मग ती आपल्या बापाविषयी सांगू लागली. नवे जू आले की तो पहिल्या दिवशी एकच तास औत धरायचा, जू उतरवायचा, बैलाच्या मानेवरून उलटा हात फिरवायचा. केस मोडलेले दिसले की जू तासायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकच तास. "आमच्या बैलाची मान कधी सुजली नाय," ती म्हणाली. "तुमी कागद इचारलात. माझ्या पायाला हात कुठं लावलात?"

त्याच संध्याकाळी मी हिची पावले ओली करून हिला अंगणातल्या पुसून घेतलेल्या शहाबादी फरशीवर दोन्ही पायांवर उभे केले. पाणी वाळण्याआधी त्या ठशावर खडूने रेघ मारली आणि शेजारी माझा कागद ठेवला. चवड्यापाशी ठसा कागदावरच्या रेघेपेक्षा बोटभर रुंद होता. बालपणापासून लावणीच्या चिखलात रोवलेली ती पावले. त्यांची बोटे पंख्यासारखी पसरतात, आणि दिवस कलला की त्यांना सूज चढते. मी सकाळचे, बसलेले, भार नसलेले पाऊल मोजले होते. त्या पावलाने कोणीही नाचत नाही. शहापूरच्या कारागिराला मी तो ठसा कागदावर उतरवून दाखवला, तेव्हा तो मान वर न करता म्हणाला, "साहेब, आमाला इचारायचं व्हतं. उभ्या पायाचं माप असतं."

त्यानेच मार्ग सुचवला. बायकांच्या जोड्यांत इतका रुंद चवडा मिळणार नाही. पुरुषांचे लहान मापाचे, नाडीचे, मऊ चामड्याचे जोडे घ्यावेत. नाडी असली की सुजेप्रमाणे सैल करता येते. असे जोडे साध्या दुकानात, साध्या किमतीला मिळाले. या वेळी मी हात आत घालून शिवण अन् शिवण चाचपली. करंगळीपाशी एक टाका टोचला, तो कारागिराने ठोकून बसवला आणि वर पातळ कातडे चिकटवले. तळाला लवेचे चामडे लावून दिले. वाटेत ते मातीला लागू नये म्हणून जोडे कापडी पिशवीतून न्यायचे आणि सभागृहातच घालायचे.

ते पाहून मेहुणा खो खो हसला. "भावजी, तायला तुमचेच जुने जोडे घातलेत काय?"

"तुझ्या बायकोला इचार, तिच्या चिंचोळ्या चपलांत बोटांना कधी हवा लागते काय," ही म्हणाली. त्यानंतर तो जरा कमी हसला.

आता आम्ही दर रविवारी जातो आणि एका वेळी एकच गाणे नाचतो. गाणे संपले की ही खुर्चीवर बसते, मी फरशीवर गुडघा टेकून नाडी सोडतो, मोजा काढतो, आणि टाचेपासून बोटांपर्यंत उलटा हात फिरवतो. कुठे लाली आहे का, कुठे कातडी गरम लागते का, ते पाहतो. बाकीची जोडपी आमच्याभोवती फिरत असतात. हल्ली मेहुण्याने नवीन हकीकत सुरू केली आहे, की भावजी सभागृहात सर्वांसमक्ष बायकोच्या पाया पडतात. त्याच्या इतक्या हकीकतींपैकी ही एकच मी खोडून काढलेली नाही.

गेल्या रविवारी बाहेर धुके उतरू लागले होते आणि सुळके दिसेनासे झाले होते. माझ्या तळहातात हिचे पाऊल होते. उबदार, रुंद, आणि माझा हात त्यावर आहे हे न कळणारे.

"काय दिसतंय?" हिने विचारले.

"काही नाही."

"मग घाला की परत. पुढलं गाणं लागलंय."