खंडेनवमीची तलवार

"येऊ दिलं तर येईन."

उद्या बागेत येणार का, असं बाबांना विचारलं की हे उत्तर ठरलेलं. मला सुरुवातीला वाटायचं, म्हातारा देवभोळा आहे, देवाने येऊ दिलं तर, असं म्हणतोय. पुढे कळलं, की यात देवाचा काही संबंध नव्हता. येऊ देणारा एक ऑफिसर होता. तो गावातच एका विटांच्या इमारतीत बसायचा आणि आठवड्यातून कधीही फोन करायचा.

अमेरिकेतल्या एडिसन गावात आमच्या अपार्टमेंटमागे नगरपालिकेची भाजीची बाग आहे. थोडं भाडं भरलं की वर्षभरासाठी एक वाफा मिळतो. माझ्या वाफ्यात मेथी आणि अळू, शेजारी बाबांची भेंडी आणि कॉलर्ड नावाची त्यांची पालेभाजी. पंचाहत्तरी उलटलेला, उंच, काळा, काठीसारखा ताठ माणूस. त्यांची माणसं त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. नवऱ्याच्या व्हिसावर आल्यामुळे मला नोकरी करायला बंदी, आणि त्यांना परवानगीशिवाय राज्याबाहेर जायला बंदी. तुम्ही म्हणाल, जोडी बरी जमली. जमलीच.

भेंडीवरून आमचं नेहमी वाजायचं. भेंडी मूळची आफ्रिकेची, असं ते ठासून सांगत. मी म्हणे, असेल, पण वळण तिला आम्ही लावलं. मग मी डब्यातून आणलेली परतलेली भेंडी ते बोटांनी खात आणि मान डोलावत. हार मात्र कधी मानली नाही.

मी एकदा सुचवलं, कुंपणाला द्राक्षाचा वेल लावा, दोन-तीन वर्षांत मांडव होईल. ते नुसते हसले. म्हणाले, "एका हंगामात हाती येतं तेवढंच मी लावतो."

तरुणपणी ते काळ्यांच्या मुक्तीच्या चळवळीत होते. वस्तीत दवाखाना चालवायचे, भाडेकरूंना घराबाहेर काढू द्यायचे नाहीत, पोलिसांच्या मागे फिरून त्यांच्यावर नजर ठेवायचे. अशाच एका झटापटीत गोळीबार झाला आणि एक पोलीस मेला. गोळी आपण झाडली नाही, असं बाबा पहिल्या दिवसापासून सांगत आले. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, मी काय सांगणार. एवढंच सांगते, की त्यांचं अर्ध्याहून जास्त आयुष्य तुरुंगात गेलं. माझ्या तोंडून एकदा 'कैदी' असा शब्द गेला, तेव्हा त्यांनी शांतपणे दुरुस्त केला, "राजकीय कैदी." आणि पुन्हा खुरपायला लागले.

सुटले ते अटींवर, त्या अटी मरेपर्यंतच्या, आणि त्या पाळतात का हे बघायला तो फोनवाला ऑफिसर. हत्याराला हात लावायचा नाही, ही त्यातली सगळ्यात कडक. एक अट मोडली की परत आत. मेलेल्या पोलिसाच्या बाजूची माणसं काही विसरली नव्हती. त्यांचं दुःखही खोटं नव्हतं. बाबांचा पाय कुठे घसरतो, याची ती वाट बघत होती.

बागेच्या फाटकाबाहेर कधीकधी एक राखाडी गाडी येऊन थांबे. इंजिन चालू, काच वर, आत एक माणूस. ती दिसली की बाबा खुरपं खाली ठेवत, वाफ्याच्या मधोमध उभे राहत आणि दोन्ही तळवे समोर दिसतील असे धरत. गाडी जाईपर्यंत तसेच. मग मला विचारत, "काय सांगत होतीस?" आणि मला काही म्हणजे काही आठवत नसे.

आता नानाकाका. हे साताऱ्याचे निवृत्त शाळामास्तर, शेजारच्या बिल्डिंगमध्ये मुलाकडे राहायला आलेले. मुलाने त्यांच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज केला होता आणि मुलाखत तोंडावर आली होती. इंग्रजीचा आनंद, पण फेटा बांधावा तर नानांनीच. त्यांना एकाच गोष्टीचं दुःख होतं, की अमेरिकेत फेट्याला डोकी मिळत नाहीत.

खंडेनवमीला आम्ही चार मराठी घरांनी बागेतच पूजा मांडायची ठरवली. अवजारांची पूजा घरातल्या लॅपटॉपपुढे करण्यापेक्षा कुदळी-फावड्यांपुढे केलेली बरी. बाबांना हे फारच आवडलं. ज्या वस्तूने आपण पोट भरतो तिची वर्षातून एकदा माफी मागायची, असा अर्थ त्यांनी आपला आपण काढला आणि स्वतःचं खुरपं धुऊन-पुसून आणलं. झेंडूही त्यांच्याच वाफ्यातला. नानांनी त्यांना केशरी फेटा बांधला. इतका देखणा फेटा मी कोणाच्या डोक्यावर पाहिलेला नाही.

मी शेडमध्ये नैवेद्याची पानं वाढत होते. तेवढ्यात नानांनी पिशवीतून तलवार काढली. ओक ट्री रोडवरच्या देशी लग्नसाहित्याच्या दुकानातली, नवरदेव मिरवतात ती. धार अशी की तिने केळं कापलं नसतं. मान्यवर पाहुण्याच्या हाती तलवार द्यायची, ही आपली पद्धत. बाबा "नो, नो" म्हणत मागे सरकले. आता तुम्हीच सांगा, आपल्यात पहिलं 'नको' कोणी खरं मानतं का? जिलबीला नको म्हटलं तर आपण दोन जास्त वाढतो. नानांना वाटलं, माणूस संकोची आहे. त्यांनी आग्रह केला, मग प्रेमाने बाबांची मूठच तिच्याभोवती वळवली. सगळे टाळ्या वाजवत होते. मी धावत बाहेर आले तोवर तलवार नानांकडे परत गेली होती आणि फोटो निघाला होता. बाबा तळवे पँटला पुसत होते.

तो फोटो नानांच्या मुलाने इथल्या मराठी मंडळाच्या फेसबुक पानावर टाकला. खाली लिहिलं, 'आमच्यासोबत एक खरा योद्धा.' मी दुपारी तो काढायला लावला. पण ज्यांना बघायचा होता त्यांनी बघितला होता.

दिवाळीच्या आधी राखाडी गाडीतला माणूस पहिल्यांदाच फाटकातून आत आला. सोबत दोघं. बाबांनी खुरपं खाली ठेवलं. हातात बेड्या पडताना मला म्हणाले, "भेंडी तोडून घे. थंडीने जाईल." मी रडत होते आणि ते मला भेंडीचं सांगत होते.

त्यांची वकील, एक तरुण काळी मुलगी, आम्हाला भेटायला बागेत आली. तिने साफ सांगितलं, की तलवार खेळण्यातली आहे, पूजेची आहे, हे सुटकेच्या अटींचा निवाडा करणाऱ्या बोर्डासमोर सिद्ध करता येईल. पण ते पहिला प्रश्न विचारतील, ती कोणी आणली आणि कोणी हातात दिली. तेवढं कळलं तर समज देऊन सोडायचीही शक्यता आहे. नाना लगेच म्हणाले, "मी येतो सांगायला. त्यात काय चोरी आहे?"

मुलगा पांढराफटक पडला. "नाना, तुमचा इंटरव्ह्यू आहे. पोलिसाच्या केसमध्ये वेपन दिलं म्हणून नाव लागलं तर सगळं कॅन्सल होईल, डिपोर्ट करतील." नाना त्याच्यावर खेकसले. शेवटी वकीलबाईनेच भांडण संपवलं. बाबांनी तिच्याजवळ निरोप दिला होता. फेटेवाल्या म्हाताऱ्याला घरी ठेवा आणि बागेतल्या कोणालाही इकडे फिरकू देऊ नका.

सुनावणीत त्यांना विचारलं, फेटा कोणी बांधला, तलवार कोणाची. एकदा नाही, फिरवून फिरवून. बाबा एवढंच म्हणत राहिले, "हातात मी घेतली. माझ्याबद्दल विचारा." वकीलबाईने हे फोनवर सांगितलं. तरुणपणीही असंच झालं होतं, ती म्हणाली. दोन नावं सांग, थोडक्यात सोडतो, असं सांगून पाहिलं होतं. त्यांनी सांगितली नाहीत.

त्यांना परत आत पाठवलं. मला त्यांचा भयंकर राग आला. चळवळीतल्या साथीदारांसाठी समजू शकते, पण एका बोथट तलवारीसाठी, एका फेटेवाल्या मास्तरसाठी? घरी भांडी आपटली. मग लक्षात आलं, की त्यांच्या लेखी यात फरकच नव्हता. त्या दिवसापासून मला त्यांची फार आठवण येते.

नानांचं ग्रीन कार्ड झालं. मुलाने पेढे वाटले. नानांनी पेढ्याला हात लावला नाही, मला म्हणाले, "पोरी, गाडी काढ. आता मला कोण काय करतंय?"

तुरुंग तसा फार लांब नाही. नानांनी कोट घातला होता. खिडकीतल्या बाईने कैद्याचं नाव विचारलं, पडद्यावर शोधलं आणि नाही म्हणाली. भेटायला कोणी यावं, त्यांची नावं कैद्याने स्वतः द्यावी लागतात. बाबांनी कोणाचंच नाव दिलेलं नाही.

मी नानांना मराठीत सांगितलं. ते पुढे झाले, कोटाची बटणं लावली आणि शाळेत हजेरी द्यावी तसं मोठ्याने आपलं नाव सांगितलं. वडिलांचं सांगितलं, आडनाव सांगितलं, गाव, तालुका, जिल्हा सांगितला. छातीवर हात ठेवून मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "आय गिव्ह. तलवार, आय गिव्ह."

बाईला काही कळलं नाही. तिने आमच्या मागच्या माणसाला पुढे बोलावलं.